मधुमेह्याच्या घरातील वही

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ज्या घरात मधुमेहाचे माणूस असे, त्या घरच्या न्हाणीघराच्या फळीवर तीन वस्तू हटकून सापडत. एक काचेची परीक्षानळी, एक स्पिरिटचा दिवा आणि निळ्या पाण्याची एक बाटली. हे निळे पाणी म्हणजे बेनेडिक्टचे द्रावण. नळीत पाच मिलिलिटर द्रावण घ्यावयाचे, त्यात लघवीचे आठ थेंब सोडावयाचे, नळी दिव्यावर उकळावयाची आणि रंग पाहावयाचा. निळा राहिला तर साखर नाही, हिरवट झाला तर थोडी, आणि पिवळा, नारिंगी असे करीत विटेसारखा लाल साका बसला म्हणजे सर्वांचे चेहरे उतरत आणि त्या दिवशी ताटातला भात बंद होई. आमच्या वडिलांची ही नळी उकळण्याचे काम लहानपणी माझ्याकडे असे. त्यामुळे ह्या विषयाशी माझा परिचय जुना आहे. मात्र त्यातले मर्म कळावयास पुष्कळ वर्षे जावी लागली.

लघवी गोड होते ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक होती. अशा रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, असे चरकसंहितेत सांगितलेले आहे. बेनेडिक्टच्या द्रावणाने मुंग्यांचेच काम अधिक नेटकेपणाने केले, एवढेच. परंतु मुंगी काय किंवा निळे पाणी काय, दोघांचीही एक मोठी अडचण होती. रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १८० मिलिग्रॅमपर्यंत चढेतो मूत्रपिंडे ती अडवून धरतात. त्यापलीकडे गेली म्हणजे मगच ती लघवीत उतरते. वय वाढले की ही मर्यादा पुष्कळदा आणखी वर सरकते. म्हणजे नळीतला रंग निळाच राहिला तरी रक्तातील साखर ७० आहे की १७० आहे हे कळावयास मार्ग नाही. शिवाय लघवी मूत्राशयात काही तास साठलेली असते. तेव्हा ती जे सांगते ती मागची हकीकत असते. साखर एकाएकी खाली गेली तर तिला त्याची काहीच खबर नसते, आणि धोका तर त्याच वेळी सर्वांत जवळ आलेला असतो.

रक्तच तपासावयाचे तर ते घरी कसे तपासावे? १९६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत एक पट्टी निघाली. तिच्यावर रक्ताचा मोठा थेंब ठेवावयाचा, साठ सेकंद मोजावयाचे, पाण्याने धुवावयाचे आणि उमटलेला रंग बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहावयाचा. मग १९७० च्या सुमारास तो रंग वाचणारे यंत्र आले. त्याचे वजन सुमारे तीन पौंड आणि किंमत साडेसहाशे डॉलर. तेही डॉक्टरांना आणि रुग्णालयांनाच विकत मिळे. ते घरी नेणाऱ्यांत रिचर्ड बर्नस्टीन हा अभियंता अगदी पहिल्यांपैकी होय. १९३४ चा जन्म, आणि बाराव्या वर्षापासून मधुमेह. पत्नी डॉक्टर होती, म्हणून यंत्र तिच्या नावावर घेतले. दिवसातून पाच-पाच, आठ-आठ वेळा तो स्वतःचे रक्त तपासू लागला आणि कोणत्या घासाने व किती इन्शुलिनने आपली साखर किती हलते ह्याचे त्याने गणित मांडले. ते गणित वैद्यकीय नियतकालिके छापीनात, कारण लिहिणारा डॉक्टर नव्हता! तेव्हा ह्या गृहस्थाने वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले आणि तो डॉक्टर झाला.

पुढे १९८३ ते १९९३ ह्या काळात अमेरिका व कॅनडा येथे इन्शुलिनवर अवलंबून असलेल्या १,४४१ रोग्यांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्यांनी नेहमीचे उपचार घेतले. बाकीच्यांनी दिवसातून चार वेळा किंवा अधिक रक्त तपासून त्याप्रमाणे इन्शुलिनची मात्रा बदलावयाची होती. ज्यांचे डोळे प्रारंभी निकोप होते त्यांच्यात डोळ्यांच्या पडद्याचा विकार होण्याचे प्रमाण ह्या दुसऱ्या गटात शेकडा ७६ ने कमी भरले. पण त्याच गटात साखर धोकादायक रीतीने खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. ह्या दोन आकड्यांपैकी पहिलाच बहुधा सांगितला जातो. मला वाटते, दोन्ही एकत्र सांगावेत. साखर उतरवावयाची तर ती कोठे चालली आहे हे पाहणारा कोणीतरी घरात हवा.

आजचे यंत्र खिशात मावते आणि पाच सेकंदांत आकडा दाखविते. एक मायक्रोलिटरहूनही कमी रक्त त्याला पुरते. त्याची करामत खरे म्हणजे यंत्रात नसून पट्टीत आहे. पट्टीच्या टोकाशी एका वितंचकाचा, म्हणजे एन्झाइमचा, लेप असतो. पुष्कळ पट्ट्यांत तो बुरशीपासून काढलेला असतो. रक्तातील ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली म्हणजे अत्यंत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. ग्लुकोज जितके अधिक तितका प्रवाह अधिक. यंत्र तो मोजते व त्याचा आकडा करून दाखविते. हे एकदा ध्यानात आले म्हणजे पट्ट्यांची निगा का राखावयाची हे निराळे सांगावे लागत नाही. हा लेप उष्णतेने व दमटपणाने बिघडतो. म्हणून पट्टी काढताच डबीचे झाकण घट्ट लावावे, ओल्या बोटांनी पट्टी काढू नये, आणि डबी चुलीजवळ, न्हाणीघरात किंवा उन्हातल्या मोटारीत ठेवू नये. वैशाखातला इंदूरचा उन्हाळा आणि आषाढातली गोव्याची हवा ही दोन्ही तिला सारखीच बाधतात. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहावी, कारण उघडल्यानंतर ती ठरावीक महिनेच चालते. किती, ते डबीवर छापलेले असते. बरेच लोक डबी शीतकपाटात ठेवतात. त्याचा उपयोग होत नाही. बाहेर काढली की आत दव धरते.

आता बोटाविषयी. येथे चूक होते ती बहुतेक हात न धुतल्यामुळे. जपानी डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मोठा मौजेचा आहे. मधुमेह नसलेल्या माणसांना त्यांनी संत्रे, द्राक्षे व किवी ही फळे सोलावयास लावली आणि हात न धुता बोटातून रक्त घेतले. आकडे भलतेच चढे आले. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही ते खाली येईनात. नळाखाली हात धुतल्यावर मात्र ठीक आले. आपल्याकडे ज्येष्ठात आमरसासाठी आंबे पिळून झाल्यावर, किंवा दिवाळीत पाक ढवळून झाल्यावर कोणी बोट टोचले तर यंत्र काय दाखवील ह्याची कल्पना करावी! तेव्हा साबण व कोमट पाणी, आणि नंतर कोरडे फडके. हात ओला राहिला तर रक्त पातळ होऊन आकडा उलट कमी येतो. कोमट पाण्याचा आणखी एक लाभ म्हणजे बोटाकडे रक्त चांगले येते. टोचावयाचे ते बोटाच्या गादीवर नव्हे, नखाच्या बाजूला कडेला. तेथे दुखणे कमी आणि थेंबही चांगला येतो. अंगठा व तर्जनी सोडून द्यावी, बाकीची बोटे पाळीपाळीने घ्यावीत. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून थोडा वेळ थांबावे. बोट दाबदाबून पिळले तर रक्ताबरोबर मांसातला रसही उतरतो आणि आकडा फसवा होतो.

एका घरात दोघे मधुमेही असले तर सुई निरनिराळी हवी, आणि टोचावयाचे लेखणीसारखे साधन देखील निराळे. नवराबायको झाली तरी रक्त निराळे आहे, आणि काविळीसारखे रोग सुईवाटे जातात. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवाव्यात व बरणी भरली की दवाखान्यात नेऊन द्यावी. आपल्या घरचा केर उचलणाऱ्या बाईच्या हातात ती सुई जाऊ नये, एवढी काळजी घेणे कठीण नाही.

यंत्राचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याशी जुळत नाही ही तक्रार नित्याची आहे. तो तंतोतंत जुळावयाचाच नाही. २०१३ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे शंभरांतील पंचाण्णव वाचने खऱ्या आकड्यापासून शेकडा १५ च्या आत असली (आणि १०० खालच्या साखरेला १५ मिलिग्रॅमच्या आत) तर यंत्र उत्तम समजतात. म्हणजे प्रयोगशाळेने २०० सांगितले तर घरचे यंत्र १७० ते २३० च्या दरम्यान काहीही दाखवील, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्यातून जेवणानंतर बोटातल्या रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा साखर अधिक असते. आणि ज्यांच्या अंगात रक्त कमी आहे, विशेषतः आपल्या स्त्रियांत हे फार, त्यांना बरीच यंत्रे खऱ्याहून चढा आकडा दाखवितात. १४२ आणि १४८ ह्यांत फरक आहे असे मानून सकाळ खराब करून घेणाऱ्यांना माझे सांगणे आहे की यंत्राच्या दृष्टीने ते दोन्ही आकडे एकच आहेत.

मग पाहावयाचे काय? येथे माझ्या थोरल्या बंधूंची हकीकत सांगतो. ते इंदुरात असतात. शिक्षकी पेशातून निवृत्त झाले. यंत्र घेतल्यापासून त्यांनी रोज पहाटे साखर तपासून शाळेच्या हजेरीपटाप्रमाणे टापटिपीने वहीत उतरविली. ११२, ११८, १२१, ११५. उपाशीपोटीची साखर ८० ते १३० मध्ये असावी असा सर्वसाधारण दंडक आहे. तेव्हा वही निर्दोष होती. वहीचा त्यांना अभिमानही होता. आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी केली तर ती आली ७.९! तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांच्यावर साखर चिकटून राहते, त्यावरून ही सरासरी काढतात. ७ म्हणजे सरासरी १५४ आणि ८ म्हणजे १८३ असा हिशेब आहे. वहीतले ११५ आणि सरासरी १८० ह्यांचा मेळ कसा बसावा? दादांनी प्रयोगशाळेला दोष दिला. त्यांच्या डॉक्टरांनी मात्र वही चाळून एवढेच विचारले, “मास्तर, पहाटे पाचनंतर आपण दिवसभर जेवत नाही काय?”

दादांची न्याहारी म्हणजे पोहे, वर शेव, आणि रविवारी सोबत जिलबी. इंदुरात राहून ह्यापासून दूर राहणे सोपे नाही हे मलाही मान्य आहे. डॉक्टरांनी त्यांना जोडीने तपासावयास सांगितले: पहिला घास घेण्यापूर्वी एकदा आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा. आकडा एक नव्हे, दोन. आणि पाहावयाचा तो दोहोंतला फरक. आठवडाभर न्याहारीची जोडी, पुढल्या आठवड्यात दुपारच्या जेवणाची, त्यापुढे रात्रीची. पट्ट्या दुप्पट लागतात, पण वही बोलू लागते. दादांच्या पोह्यांची जोडी निघाली ११८ व २४४. त्याच पोह्यांचे प्रमाण निम्मे करून त्यात वाफवलेली मटकी घातली तेव्हा ११६ व १८७. ज्वारीची भाकरी, उसळ आणि कोशिंबीर ह्यांची जोडी १२४ व १६६. जेवणानंतर वीस मिनिटे फिरून आल्यावर पुष्कळदा आणखी थोडी उतरे. दोन तासांनी १८० च्या आत असावी हा दंडक आता त्यांना पाठ झाला आहे. हे आकडे दादांचे आहेत. दुसऱ्याला तेच लागू पडतील असे नाही, आणि म्हणूनच ज्याची त्याने वही लिहावयाची. साबुदाण्याची खिचडी उपवासाची म्हणून हलकी समजणाऱ्यांनी तिची जोडी एकदा अवश्य काढून पाहावी.

वहीत आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहाव्यात: वेळ, काय खाल्ले, आणि गोळी वा इन्शुलिन कधी घेतले. ताप, जागरण, प्रवास, घरातले लग्नकार्य हेही एका शब्दात नोंदावे. नुसत्या आकड्यांची यादी डॉक्टरांच्या फारशा कामाची नसते.

आता दुसरी हकीकत, जिच्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला. आषाढी एकादशी होती. दादांनी सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली, दिवसभर उपवास केला, आणि दुपारी चार शेंगदाणे तोंडात टाकून दुपारचीही गोळी घेतली. गोळी चुकवावयाची नाही हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. अन्न चुकले तर गोळीचे काय करावयाचे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्यांनीही विचारले नव्हते. चारच्या सुमारास ते वहिनींवर उगाच रागावले. मग त्यांना दरदरून घाम आला, आणि थोड्या वेळाने आपल्या मुलाला ते भलत्याच नावाने हाक मारू लागले. घरच्यांना वाटले, उपवासाने पित्त झाले, निजू द्यावे. वहिनींनी तेवढ्यात त्यांचे बोट टोचले. आकडा होता ४६.

७० च्या खाली साखर गेली की ती कमी समजावी, ५४ च्या खाली गेली की संकट. वहिनींनी तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली. तेच करावयास सांगितलेले असते: साधारण पंधरा ग्रॅम साखर द्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, पुन्हा तपासावे. पंधरा मिनिटांनी आकडा आला ४९. डॉक्टरांना दूरध्वनी केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळीच्या पाकिटावर काय काय लिहिले आहे हा. मुलाने वाचून दाखविले. गोळी एक, पण तिच्यात औषधे तीन, आणि त्यांपैकी एक व्होग्लिबोज. हे औषध आतड्यात साखरेचे विघटन लांबविते. जेवणानंतरची साखर चढू नये म्हणून ते देतात. आपली नेहमीची साखर फुटून तिचे ग्लुकोज झाल्याशिवाय रक्तात जात नाही, आणि ते फुटणेच ह्या औषधाने अडविलेले असते. अकार्बोजचेही तसेच. अशा वेळी हवे ते सिद्ध ग्लुकोज, औषधाच्या दुकानात पुड्यांत व डब्यांत मिळते ते. शेजारच्या घरातून डबा आणला, तीन चमचे पाण्यातून दिले. पंधरा मिनिटांनी ७४, आणि दादांनी “हे सर्वजण माझ्याभोवती का जमले आहेत?” असे विचारले. उपवास तेथेच सोडावयास लावला. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा असर पुष्कळ तास राहतो, म्हणून रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे तीन वाजता पुन्हा तपासावयास डॉक्टरांनी सांगितले.

त्या दिवसापासून वहिनींनी वहीच्या पहिल्या पानावर गोळ्यांची नावे, आतल्या सर्व औषधांसह, लिहून ठेवली आहेत, आणि ग्लुकोजचा डबा देवघराच्या कोनाड्यात ठेवला आहे, कारण तेथे हात अंधारातही पोहोचतो. माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. साखरही नाही, पाणीही नाही. श्वासनलिकेत जाते. कुशीवर निजवावे व तडक रुग्णालय गाठावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, ज्यांना बीटा-ब्लॉकर म्हणतात, छातीची धडधड व हातांची थरथर दबून जाते. मग खूण उरते ती घामाची. अशा माणसाला विनाकारण घाम आला तर वाद न घालता बोट टोचावे. उपवास, व्रत, रोजा, श्रावणातले सोमवार हे ज्याचे त्याने ठरवावे. पण त्या दिवशी गोळीचे काय करावयाचे हे आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून ठेवावे. आपल्या मनाने गोळी बंद करणे किंवा दुप्पट करणे हे दोन्ही सारखेच घातक.

किती वेळा तपासावे ह्याला एक उत्तर नाही. दिवसातून अनेकदा इन्शुलिन घेणाऱ्याने प्रत्येक जेवणापूर्वी व निजतेवेळी तपासावेच, आणि वाहन चालविण्यापूर्वीही. साखर खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने काही जोड्या आणि शंका येईल तेव्हा. ज्याला केवळ मेटफॉर्मिन चालू आहे आणि प्रकृती स्थिर आहे त्याला रोज बोट टोचून घेण्याची गरज नाही. त्याने अधूनमधून जोड्या काढाव्यात आणि तीन ते सहा महिन्यांनी सरासरीची तपासणी करावी. एका पट्टीला सुमारे १५ ते २५ रुपये पडतात. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या कुटुंबात हा विचार करावाच लागतो. माझ्या पाहण्यात दोन तऱ्हांचे लोक आहेत. एकांचे यंत्र वाढदिवसाला भेट मिळालेले असून अजून खोक्यातून निघालेले नाही. दुसरे दिवसातून दहा वेळा तपासतात, प्रत्येक आकड्याला घाबरतात आणि करीत मात्र काहीच नाहीत. ह्या दुसऱ्यांची मला अधिक कीव येते.

रात्री न जेवता निजूनही सकाळी साखर चढलेली दिसली म्हणजे लोक गोंधळतात. पहाटे अंगात कॉर्टिसॉल वगैरे स्राव वाढतात आणि त्यांच्या सांगण्यावरून यकृत साखर सोडते. त्यामुळे उपाशी माणसाचीही साखर चढते. रात्रीचे जेवण वर्ज्य करणे हा त्यावर उपाय नव्हे. पहाटे तीनचा एखादा आकडा घेऊन डॉक्टरांस दाखवावा.

दंडावर चिकटवावयाचे संवेदकही आता मिळतात. ते सुमारे दोन आठवडे राहतात आणि दर काही मिनिटांनी आकडा देतात. ते रक्त मोजीत नाहीत, कातडीखालचा रस मोजतात. म्हणून साखर वेगाने चढत-उतरत असताना ते पाच-दहा मिनिटे मागे असतात. त्या कुशीवर निजल्यास खोटाच कमी आकडा दाखवितात. लक्षणे एक सांगत असतील आणि संवेदक दुसरे, तर बोट टोचावे. लहान मुलांना व ज्यांची साखर झोपेत उतरते त्यांना हे साधन वरदान आहे. इतरांनी वर्षातून एखाद्या वेळी दोन आठवडे लावून घेतले तरी पुष्कळ कळते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा तिचा अंदाज आहे, आणि राज्यांत सर्वांत वरचा क्रम गोव्याचा, प्रौढांत शेकडा २६.४. म्हणजे चार जणांच्या पंगतीत एक. पंगतीत वाढणाऱ्याने आग्रह करताना हा आकडा ध्यानात ठेवावा.

यंत्र नीट चालते की नाही हे पाहावयाचे झाल्यास प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त द्यावयास जाल तेव्हा यंत्र बरोबर न्यावे. शिरेतून रक्त काढताच पाच मिनिटांच्या आत बोट टोचून आपला आकडा घ्यावा आणि तो पावतीच्या पाठीवर लिहावा. रक्त फ्लोराइड असलेल्या, करड्या झाकणाच्या नळीत घेतले आहे ना, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. साध्या नळीत ते पडून राहिले तर पेशी दर तासाला त्यातली साखर खात राहतात आणि प्रयोगशाळेचाच आकडा खाली येतो. संध्याकाळी अहवाल मिळाला की दोन्ही आकडे शेजारी शेजारी वहीत उतरवावेत. दादांचे गेल्या महिन्यातले दोन आकडे होते १२१ आणि १२९.